कमरेवरचे चामडे : पट्टा, होल्स्टर आणि ते घडवणारे हात

मराठीत ‘पट्टा’ हा शब्द किती कामे करतो, याची एकदा मोजदाद करून पाहावी. कमरेला बांधायचा तो पट्टा. मर्दानी खेळात फिरवायचा तो दांडपट्टा. जमिनीचा लांबट तुकडा म्हणजे पट्टा आणि ती कसायला दिल्याचा कागद म्हणजेही पट्टा. सरकारी कचेरीच्या दाराशी बसणारा तो पट्टेवाला, कारण त्याच्या अंगावरच्या पट्ट्यावर खात्याचा पितळी बिल्ला असे. अधिकार त्या माणसाचा नव्हता, पट्ट्याचा होता. पट्टा उतरला की माणूस पुन्हा साधा.

गेली बरीच वर्षे मी चामड्याच्या वस्तूंविषयीची माहिती गोळा करत आलो आहे. मोट, पखाल, खोगीर, बटवा, वहाणा असा हा पसारा आहे. त्यातल्या बहुतेक वस्तू आता वापरातून गेल्या. हा लेख मात्र अजून वापरात असलेल्या एका लहान वस्तूविषयी आहे. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर कमरेला ठेवण्यासाठीचे चामड्याचे म्यान आणि ते ज्यावर चढवायचे तो पट्टा. बाजारात त्याला सर्रास ‘कव्हर’ म्हणतात, पोलीस आणि जाणकार ‘होल्स्टर’ म्हणतात. मीही तोच शब्द वापरतो.

दिवाळी अंकाच्या वाचकांपैकी फारच थोड्यांना ही वस्तू विकत घ्यावी लागेल. तरीही ती समजून घेण्यासारखी आहे. पाकिटाचे चामडे हलके निघाले तर पाकीट फाटते, चपलेचे निघाले तर पाय चावतो. होल्स्टरचे चामडे हलके निघाले तर गोळी सुटू शकते. म्हणून ज्या ज्ञानाला आपण ‘चांभारकाम’ म्हणून बाजूला सारले, ते ज्ञान किती बारकाव्याचे आहे हे या वस्तूत जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कुठे दिसते.

एका हाताच्या माणसाचा पट्टा

पिस्तुले आली तेव्हा ती कमरेला नव्हती. घोडेस्वाराच्या खोगिराला पुढच्या बाजूने दोन चामडी म्याने लटकवलेली असत आणि लांब नळीची जड पिस्तुले त्यांत खोचलेली असत. भार घोड्याचा होता. माणसाच्या अंगावर असे ती तलवार. ती खांद्यावरून तिरप्या गेलेल्या पट्ट्याला किंवा कमरपट्ट्याच्या सैल वाद्यांना टांगलेली असे. खांद्यावरून जाणाऱ्या अशा पट्ट्याला हिंदीत परतला म्हणतात.

सैल टांगलेल्या तलवारीची एक अडचण असते. उजव्या हाताने ती उपसायची, तर डाव्या हाताने म्यान धरून ठेवावे लागते. नाहीतर तलवारीबरोबर म्यानही वर येते. सॅम्युएल ब्राऊन या इंग्रज घोडदळ अधिकाऱ्यापुढे हीच अडचण उभी राहिली. ३१ ऑगस्ट १८५८ रोजी, उठावाच्या धामधुमीत, आजच्या उत्तर प्रदेशातील पिलिभीत भागात सीरपुरा येथे झालेल्या लढाईत त्यांचा डावा हात खांद्यापासून तुटला. या लढाईसाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले. पण एक हात उरलेल्या घोडेस्वाराने तलवार उपसायची कशी?

ब्राऊन यांच्या नावाने पुढे जगभर ओळखला गेलेला पट्टा हे या प्रश्नाचे उत्तर होते. रुंद आणि जाड चामड्याचा कमरपट्टा, त्याला डावीकडे म्यान पक्के धरणारी चामडी खोबण, उजवीकडे झाकणाचे होल्स्टर, आणि डाव्या बाजूचा तलवारीचा भार उचलण्यासाठी उजव्या खांद्यावरून तिरपा जाणारा दुसरा पट्टा. यातले यंत्रशास्त्र साधे आहे. कमरेच्या एका बाजूला वजन टांगले की पट्टा त्या बाजूला खाली ओढला जातो आणि फिरतो. तिरपा पट्टा ते वजन विरुद्ध खांद्यावर नेतो, त्यामुळे कमरपट्टा जागेवर राहतो. शस्त्र जागेवर राहिले तर एका हातानेही काम भागते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा पट्टा ब्रिटिश सैन्यात सर्वत्र रूढ झाला आणि तिथून इतर देशांच्या सैन्यांत आणि पोलीस दलांत गेला. आपल्याकडचा फौजदार डोळ्यांसमोर आणला, तर तांबूस-तपकिरी चकाकता पट्टा आणि छातीवरून गेलेली तिरपी वादी हे चित्र त्याच्या टोपीइतकेच ठळक दिसते. तलवार गेली, तिरपी वादी शोभेपुरती उरली. वजन तोलण्याचा जो विचार तिच्यामागे होता तो मात्र आजही होल्स्टर निवडताना पहिला ठरतो.

कायद्याच्या नजरेतून

१८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्यास बंदी केली, युरोपियनांना मात्र त्यातून सूट होती. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र अधिनियम आला. हा भेद गेला, परवाना राहिला. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाकडच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, आणि लग्नात-मिरवणुकीत हवेत बार काढणे हा स्वतंत्र गुन्हा ठरवला. नवी मुंबईत १९९४ साली स्वतंत्र पोलीस आयुक्तालय झाले, त्यामुळे इथला परवाना आयुक्तालयाकडून मिळतो. हद्द ओलांडून रायगड जिल्ह्यात गेले की तो अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांचा. सामान्य नागरिकाला मिळणारे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर बहुधा .३२ बोअरचे असते. ९ मिलिमीटरचे पिस्तूल निषिद्ध गटात येते.

होल्स्टरच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत ते २०१६ चे शस्त्र नियम. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल न्यायचे तर ते अंगाला जोडलेल्या, त्यासाठीच बनवलेल्या होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत असावे, पूर्णपणे झाकलेले असावे आणि ते नेणाऱ्याचा त्यावर परिणामकारक ताबा असावा, असे हे नियम सांगतात. म्हणजे शर्टाखाली पँटीत नुसते खोचलेले पिस्तूल, जे चित्रपटांनी आपल्याला दाखवून ठेवले आहे, ते कायद्यातही बसत नाही आणि शहाणपणातही नाही.

या नियमातले तीन शब्द लक्षात ठेवण्यासारखे आहेत : जोडलेले, झाकलेले, ताब्यातले. चांगल्या होल्स्टरची सगळी पारख या तीन शब्दांत बसते. आणि प्रत्येक शब्द शेवटी चामड्यापाशी येऊन थांबतो.

कातडे आणि चामडे

आधी एक भेद. जनावराच्या अंगावरून निघते ते कातडे. ते कमावले की होते चामडे. कमावणे म्हणजे कातड्यातल्या तंतूंना असे बांधून टाकणे, की ते कुजणार नाहीत. हे दोन मुख्य रीतींनी होते. जुनी रीत वनस्पतींची. आपल्याकडे बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कातडे आठवडेच्या आठवडे मुरवत. कोल्हापुरी चपलेचे चामडे असेच कमावलेले असते. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे एकत्र आले, कारण ही विद्या राज्याच्या सीमा मानत नाही. दुसरी रीत क्रोमच्या क्षारांची. ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निघाली, तिला एक-दोन दिवस पुरतात आणि आज जगातले बहुतेक चामडे त्याच रीतीने कमावले जाते.

क्रोमचे चामडे मऊ, लवचीक, रंग छान घेणारे. जाकिटाला, पर्सला उत्तम. सालीचे चामडे घट्ट आणि कडक. पण त्याच्यात एक गुण असा आहे जो क्रोममध्ये नाही : ते भिजवले की मातीसारखे आकार घेते आणि वाळले की तो आकार सोडत नाही. होल्स्टरला नेमका हाच गुण हवा. कारागीर कापलेले चामडे पाण्यात भिजवतो, शस्त्राच्या आकाराच्या साच्यावर ओढतो, हाडाच्या किंवा लाकडाच्या गुळगुळीत तुकड्याने दाबून प्रत्येक उंचवटा उठवतो आणि सावलीत वाळवतो. उन्हात वाळवले तर चामडे चिंबते आणि तडकते. असे घडवलेले होल्स्टर पिस्तुलाला हातमोज्यासारखे बसते. उलटे धरले तरी ते सहज घसरत नाही, आणि ते धरून ठेवणारे बळ बटणाचे नसते, आकाराचे असते.

दुकानात दोन्ही ओळखायचे कसे? कापलेली कड पाहावी. सालीच्या चामड्याची कड आतपर्यंत तपकिरी दिसते. क्रोमच्या चामड्याच्या पोटात बहुधा निळसर-राखाडी रेघ असते. वरून रंग किंवा मेण फासलेले नसेल तर पाण्याचा एक थेंब टाकावा. सालीचे चामडे तो पिते आणि तिथे गडद होते. कड रंगाच्या जाड थराने पूर्ण झाकलेली असेल तर विचारावे, आत काय आहे. अनेकदा आत चुऱ्याचा लगदा सरसाने चिकटवून केलेला तक्ता असतो. त्यालाही ‘अस्सल चामडे’ म्हणून विकले जाते आणि दोन पावसाळ्यांत त्याचे पापुद्रे निघतात.

नंतर प्रश्न येतो अंगाचा. एकाच कातड्याची पाठ, मान आणि पोट ही तीन वेगवेगळी चामडी आहेत. पाठीचे तंतू दाट आणि घट्ट विणलेले असतात. पोटाचे सैल, कारण जिवंतपणी पोटाला फुगावे आणि आकसावे लागते. मेल्यावरही पोटाचे चामडे ती सवय सोडत नाही, ते ताणत राहते. म्हणून पट्टा नेहमी पाठीतून, कण्याच्या रेषेला समांतर कापावा. कारखान्यात चामडे वाचवण्यासाठी पोटाकडची बाजूही पट्ट्यात घुसवतात. असा पट्टा वर्षभरात एका अंगाला वाकतो. जुना पट्टा जमिनीवर आडवा ठेवून पाहिला तर तो सरळ पडतो की धनुष्यासारखा, यावरून तो कुठून कापला होता हे कळते.

वजनाचा हिशेब

भरलेले छोटे पिस्तूल साधारण पाऊण किलोचे असते. एवढे वजन दिवसभर कमरेच्या एकाच बाजूला राहिले तर साधा कपड्यांचा पट्टा पिळतो, होल्स्टर बाहेरच्या बाजूला कलते आणि मूठ शर्टाबाहेर डोकावते. ‘झाकलेले’ ही अट तिथेच मोडते. म्हणून होल्स्टर कितीही चांगले असले तरी पट्टा हलका असेल तर ते निरुपयोगी. जाणकार आधी पट्टा निवडतात.

पट्टा दोन थरांचा असावा, दोन्ही थर पाठीच्या चामड्याचे, कडेने शिवलेले. रुंदी दीड इंच पुरे, पण होल्स्टरच्या खाचा नेमक्या तेवढ्याच असाव्यात. खाच सैल असेल तर पिस्तूल उपसताना होल्स्टर बरोबर वर येते, म्हणजे ब्राऊन साहेबांची अडचण पुन्हा उभी राहते. बक्कल भरीव पितळेचे किंवा पोलादाचे असावे. जस्ताच्या मिश्रधातूवर चमक चढवलेले बक्कल काट्याच्या मुळाशी तुटते. भोके पाच असावीत आणि मधले वापरात यावे, म्हणजे पुढेमागे जागा राहते.

शिवणीकडेही पाहावे. यंत्राच्या शिवणीत वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकलेले असतात. एक टाका तुटला की शेजारचे सैल पडतात. हाताच्या दोन सुयांच्या शिवणीत एकच मेणाचा दोरा प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी जातो. एक टाका तुटला तरी बाकीचे तसेच घट्ट राहतात. आरीने पाडलेली भोके किंचित तिरपी आणि एकसारखी दिसली, तर समजावे की हात सरावाचा आहे.

होल्स्टरमध्ये तीन गोष्टी अशा आहेत की ज्यांत तडजोड नको. एक, चाप आणि त्याच्या भोवतीची कडी पूर्ण झाकलेली हवी. बोट, किल्ली, शर्टाचे टोक यांपैकी काहीही चापापर्यंत पोहोचता कामा नये. दोन, पिस्तूल काढल्यावर होल्स्टरचे तोंड उघडेच राहिले पाहिजे. त्यासाठी तोंडाशी चामड्याची एक जादा पट्टी शिवतात. मऊ चामड्याचे तोंड मिटते आणि शस्त्र परत ठेवताना आत वळलेली त्याची कड चापात अडकू शकते. जुन्या, ढिल्या होल्स्टरमुळे अशा रीतीने गोळी सुटल्याची उदाहरणे जगभर नोंदली गेली आहेत. म्हणून चामडे मऊ पडले की होल्स्टर निवृत्त करावे, ते कितीही आवडते असले तरी. तीन, धरून ठेवणारी वादी, मग ती झाकणाची असो वा टिचबटणाची, एका हाताने सुटली पाहिजे आणि आपोआप सुटता कामा नये. वाशी किंवा कुर्ला स्थानकाच्या गर्दीत ‘ताब्यातले’ या शब्दाचा अर्थ हाच आहे.

खाडीकाठची हवा

पुस्तकांतली बरीचशी माहिती कोरड्या, थंड देशांत लिहिलेली असते. आपल्याकडे चामड्याचा खरा शत्रू जून ते सप्टेंबर येतो. बेलापूर, नेरूळ, उरण हा सगळा पट्टा खाडीच्या काठाचा, हवेत ओल आणि मीठ दोन्ही. कपाटात बंद ठेवलेल्या चामड्यावर पंधरा दिवसांत पांढरी बुरशी धरते. पितळी रिबिटांभोवती हिरवा कळंक चढतो.

यातून एक नियम निघतो, तो विकणारे फारसे सांगत नाहीत : शस्त्र होल्स्टरमध्ये साठवू नये. चामडे ओल शोषते आणि त्यातली आम्ले व क्षार त्या ओलीबरोबर पोलादाला लागतात. वरून सुरक्षित दिसणारे पिस्तूल आत गंजते. होल्स्टर वाहून नेण्यासाठी, ठेवण्यासाठी कुलपाची पेटी. मखमली किंवा लव असलेले अस्तर दिसायला राजेशाही वाटते, पण ते धूळ आणि ओल दोन्ही धरून ठेवते. गुळगुळीत बाजू आत असलेले साधे चामडे बरे.

बुरशी आली तर कोरड्या फडक्याने पुसावी, वाऱ्यावर सावलीत ठेवावे. तेल बेताने. गावाकडे चामड्याला तेल ‘पाजत’, करंजाचे किंवा एरंडेल, कारण मोट रोज पाण्यात बुडायची आणि तिला मऊपणा हवा होता. होल्स्टरला कडकपणा हवा. त्याला तेल पाजले तर घडवलेला आकार ढिला पडतो. मेणाचा पातळ हात पुरे. एकाच चामड्याच्या दोन वस्तू, पण एकीचे पथ्य दुसरीचे विष. ज्याला दोन्ही ठाऊक, तोच खरा कारागीर.

हातांची साखळी

आता या हातांविषयी. आपल्या गावगाड्यात एका पट्ट्यामागे तीन जाती उभ्या असत. मेलेले जनावर ओढून नेणारे महार, कातडे कमावणारे ढोर, चामडे शिवणारे चांभार. तिघांच्याही कामावाचून गावाचे पान हलत नसे आणि तिघांनाही विटाळ मानला जाई. ढाल, म्यान, खोगीर, पखाल हे सगळे त्यांच्या हातचे. तलवारीची पूजा होई, म्यान करणारा मात्र उंबऱ्याबाहेरच थांबे.

इंग्रजी लष्करात काही काळ या समाजांना जागा मिळाली. १८९० च्या दशकात ‘लढाऊ जमाती’च्या धोरणाने ती भरती थांबवली आणि निवृत्त लष्करी नोकर गोपाळबाबा वलंगकर यांनी तिच्यासाठी अर्ज केला. थोर क्रिकेटपटू बाळू पालवणकर हे अशाच लष्करी नोकरीतल्या चर्मकार घरातले. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, उत्तरेत चमार रेजिमेंट उभी राहिली आणि १९४६ मध्ये ती बरखास्तही झाली. लष्कराला चामडे मात्र सतत लागत होते. कानपूरला १८६० च्या दशकात सरकारी खोगीर-साज कारखाना निघाला. मुंबईच्या वेशीबाहेर धारावीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चामडे कमावण्याचे धंदे वसले, आणि तमिळ मुलखातून आलेले मुसलमान कारागीर तिथे स्थिरावले. पुढे मराठी चर्मकार, उत्तरेकडचे कारागीर असे सगळे तिथे आले.

१९२७ मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांनी मेलेली जनावरे ओढण्याचे काम सोडण्याचे आवाहन केले. ते योग्यच होते. ज्ञान अपमानाला बांधलेले असेल तर माणसाने आधी अपमान सोडावा. पण त्यानंतर आपण, म्हणजे उरलेल्या समाजाने, ते ज्ञान अपमानापासून सोडवून घेतले नाही. राज्य शासनाने १९७४ मध्ये चर्मोद्योग महामंडळ स्थापले, ते आज संत रोहिदासांच्या नावाने चालते. चामड्याच्या अभ्यासाला साहित्य-संस्कृतीच्या व्यवहारात मात्र जागा मिळाली नाही.

दरम्यान साखळीचे दुवे निसटत गेले. १९७१ मध्ये मुंबईचा कत्तलखाना वांद्र्याहून देवनारला गेला, पुढे धारावीतले कमावण्याचे काम जवळपास संपले. आता तिथे चामडे मुख्यतः चेन्नई, कानपूर आणि कोलकात्याहून येते. मार्च २०१५ पासून राज्यात गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हशीचे चामडे उरले. ते जाड आणि दणकट, पट्ट्याला चांगले, पण त्याचा दाणा मोठा, म्हणून बारीक उठावाच्या होल्स्टरला जास्त मेहनत मागते. धारावीचा पुनर्विकास आता दाराशी आहे. घराला लागून असलेल्या दहा बाय दहाच्या खोलीत चालणारा हा धंदा सातव्या मजल्यावर कसा चालेल, हा प्रश्न तिथला प्रत्येक कारागीर विचारतो.

कळबूत

शेवटी एक व्यावहारिक अडचण, कारण तिच्यातच या विषयाचा गाभा आहे. होल्स्टर मापाचे हवे. पण परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे गुन्हा असल्याने गिऱ्हाईक आपले पिस्तूल कारागिराकडे ठेवून जाऊ शकत नाही. मग माप घ्यायचे कसे? उत्तर चर्मकारांच्या जुन्या विद्येत आहे. चपला-बुटांसाठी पायाचा लाकडी ठोकळा असतो, त्याला कळबूत म्हणतात. तसेच पिस्तुलाचे कळबूत करायचे. शस्त्र रिकामे करून मालकाने स्वतः मापे घ्यायची, कागदावर बाह्यरेषा काढायची, जाडी नोंदवायची, आणि त्यावरून लाकडात हुबेहूब आकार कोरून घ्यायचा. पायाचे कळबूत करणाऱ्याला हे अवघड नाही.

मात्र त्यासाठी कारागिराला वेळ द्यावा लागतो आणि वेळेचे पैसे. मापाचे कळबूत, पाठीचे चामडे, दोन सुयांची शिवण आणि साच्यावर घडवणे हे एका दिवसाचे काम नाही. इथेच गिऱ्हाईक घासाघीस करते. लाख-दोन लाखांचे शस्त्र घेणारा माणूस होल्स्टरसाठी पाकिटाच्या किमतीवर अडून बसतो आणि शेवटी बाजारातले ‘सगळ्याला बसणारे’ कव्हर घेतो. सगळ्याला बसणारे म्हणजे कशालाही नीट न बसणारे.

खंडेनवमीला शस्त्रांची पूजा होते. त्याच दिवशी चर्मकाराच्या घरी आरी आणि रापी पुजल्या जातात. शस्त्र धरणाऱ्याने त्या आरी-रापीची किंमत ओळखली पाहिजे. होल्स्टर घ्यायला जाल तेव्हा आधी तीन प्रश्न विचारा : चामडे कशात कमावले, कातड्याच्या कोणत्या अंगाचे, आणि शिवले कोणी. पहिल्या दोहोंची उत्तरे कड पाहून, पाण्याचा थेंब टाकून पडताळता येतात. तिसऱ्याचे उत्तर दुकानदाराकडे बहुधा नसते. ते मिळेपर्यंत विचारत राहावे, कारण होल्स्टर ढिले पडले, शिवण उसवली की ज्याच्याकडे परत जायचे, तो माणूस त्या उत्तरात आहे.